स्नॅपचॅट की पोक?

डिसेंबर 2012 मध्ये फेसबुकने फोटो पाठवायचं ‘पोक’ नावाचं ॲप आणलं, तेव्हा तसंच ॲप असलेलं स्नॅपचॅट सव्वा वर्षाचं होतं. दोन्हींत फोटो काही सेकंदांत गायब, आणि समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला तर पाठवणाऱ्याला कळायचं. वर पोकमध्ये नुसता मजकूरही पाठवता यायचा. कागदावर पोकच सरस.

पण स्नॅपचॅट आधी उचललं ते कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांनी. वेडेवाकडे चेहरे करून एकमेकांना पाठवायचे, बस्स! पोकला मात्र फेसबुक खातं लागायचं, आणि तिथे आई-मावशी आधीच हजर. पोक ॲप स्टोअरवर पहिल्या क्रमांकावर गेलं नि काही दिवसांतच घसरलं. मे 2014 मध्ये गाशा गुंडाळला. मला तरी यात नवल वाटलं नाही.