भाजल्यानंतरचा जाड वण: हायपरट्रॉफिक की कीलॉइड?

भाजलेली जखम ३ आठवड्यांत भरली नाही, तर वण जाड होण्याची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी जास्त दिसतो तो हायपरट्रॉफिक वण. तो लाल, टणक आणि खाजरा असतो, पण जखमेची हद्द ओलांडत नाही. वर्ष-दोन वर्षांत बहुधा थोडा बसतोही. कीलॉइड मात्र शेजारच्या निरोगी कातडीवर पसरतो आणि आपणहून सहसा ओसरत नाही. छाती, खांदा, कानाची पाळी ही त्याची आवडती ठिकाणं.

दोन्हींच्या मुळाशी रोगप्रतिकारशक्तीचा लांबलेला दाह असतो. मॅक्रोफेज पेशी जखमेतला मृत भाग साफ करतात, मग टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडून फायब्रोब्लास्टना (कातडीचा आधार विणणाऱ्या पेशींना) कोलॅजन, म्हणजे वणाचे धागे, बनवायला लावतात. जखम भरली की हा हुकूम थांबायला हवा. हायपरट्रॉफिक वणात तो उशिरा थांबतो. कीलॉइडमध्ये, विशेषतः पसरत्या कडेला, दाह धुमसतच राहतो. टी-हेल्पर २ या रोगप्रतिकारक पेशींचे आयएल-४ आणि आयएल-१३ हे रासायनिक संदेश त्यात भर घालतात. खाजेत मास्ट या रोगप्रतिकारक पेशींच्या हिस्टामिन रसायनाचा हात असतो (रुग्णांना वणाच्या रूपाइतकाच हिचाही त्रास होतो, हे घरच्यांना पटत नाही).

सांध्यावरचा हायपरट्रॉफिक वण आखडतो. म्हणून प्रेशर गारमेंट (वणावर दाब देणारे घट्ट कपडे), सिलिकॉन जेल, व्यायाम आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. कीलॉइड नुसता कापून टाकणं मला तरी धोक्याचं वाटतं, कारण तो वारंवार परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. कापायचाच असेल तर सोबत स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा रेडिएशन हवं. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन्ही वणांत वापरतात.