मीडियाविकीची देखभाल: अवजारे भक्कम, वेळापत्रक मात्र आपणच लावायचे

मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते विकीचे सॉफ्टवेअर) उतरवून घेतली की सोबत ‘मेन्टेनन्स’ नावाचे फोल्डर येते. त्यात शंभराहून जास्त स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा देऊन चालवायचे छोटे प्रोग्रॅम, आहेत. कुणी दुवे पुन्हा जुळवते, कुणी आकडेवारी नव्याने मोजते, कुणी बॅकअप काढते. त्यांतल्या नित्याच्या कामाच्या स्क्रिप्टचे हे परीक्षण. मोठी उणीव आधीच सांगतो: यातली एकही स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपणहून चालत नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या सोयीत) वेळ लावायची ती आपणच, आणि ती न लावलेली विकीही वरवर ठीक दिसत राहते. चूक लक्षात यायला उशीर होतो तो त्यामुळेच.

सगळ्यात जास्त लक्ष मागतो तो जॉब क्यू, म्हणजे मागाहून करायच्या कामांची रांग. एखादा साचा (अनेक पानांत वापरला जाणारा सामाईक मजकूर) बदलला की तो वापरणाऱ्या प्रत्येक पानाचे दुवे आणि वर्ग पुन्हा नोंदवावे लागतात. साचा दोन हजार पानांवर असेल तर ‘जतन करा’ दाबल्यावर लगेच हे होणे शक्य नाही, म्हणून ती कामे रांगेत जातात. मूळ सेटिंगमध्ये जॉब-रन-रेट १ असतो, म्हणजे कुणी विकीवर पान उघडले की त्या निमित्ताने रांगेतले एक काम उरकते. हा मूळ पर्याय आम्हाला पटत नाही. कमी वर्दळीच्या अंतर्गत विकीवर रांग हलतच नाही आणि वर्गाच्या पानावर जुनीच यादी दिसते. वर्दळ भरपूर असेल, तर वाचकांच्या विनंत्यांवर नसता भार पडतो.

उपाय सोपा आहे. लोकल-सेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलीत हा दर ० करा आणि रन-जॉब्स ही स्क्रिप्ट क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवा. तिला मॅक्स-टाइम २८० सेकंद द्या. हा आकडा नवे काम उचलणे थांबवतो, हातातले काम मध्येच तोडत नाही. त्यामुळे एखादे लांबलेले काम पुढच्या फेरीत घुसू शकते. त्यासाठी आज्ञेपुढे फ्लॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारे कुलूप) लावा, म्हणजे दोन फेऱ्या एकमेकींवर चढणार नाहीत. लक्षसूचीचे, म्हणजे लक्ष ठेवलेली पाने बदलल्याचे, ईमेलही याच रांगेतून जातात. साचा बदलून हजारो कामे साचली की ते मागे अडकतात, म्हणून आधी फक्त इनोटिफ-नोटिफाय या प्रकारची कामे काढा आणि मग उरलेली. क्रॉन वेब सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालू द्या. रूटने (सर्वाधिकारी वापरकर्त्याने) चालवल्यास कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे वेब सर्व्हरला त्या लिहिता येत नाहीत.

रांग पाहण्यासाठी शो-जॉब्स आहे. तिला ग्रुप हा पर्याय दिला की प्रकारानुसार किती कामे थांबली आहेत, किती उचलली आहेत आणि किती सोडून दिली आहेत ते कळते. रांग डेटाबेसमध्येच असेल तर उचललेले पण पूर्ण न झालेले काम मूळ सेटिंगमध्ये ३६०० सेकंदांनी परत रांगेत येते, आणि तीन प्रयत्नांनंतर सोडून दिले जाते. एकूण आकडा शून्याकडे आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सोडून दिलेल्यांचा आकडा वाढतोय का ते बघा. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा एखादे अवजड पान किंवा बिघडलेले एक्स्टेन्शन (विकीला जोडलेली जादा सोय) कारण असते.

मोठ्या विकीवर मायझर-मोड हे भार वाचवणारे सेटिंग चालू केल्यास ‘हवी असलेली पाने’ यांसारखी जड विशेष पाने साठवलेल्या यादीतून दाखवली जातात. मग अपडेट-स्पेशल-पेजेस रोज रात्री एकदा लावा, नाहीतर याद्या शिळ्या राहतात. दुसऱ्या विकीतली पाने एक्सएमएल फाइलीतून आयात केल्यावर अलीकडील बदलांची यादी आणि आकडेवारी नव्याने करणाऱ्या रीबिल्ड-रीसेंट-चेंजेस आणि इनिट-साइट-स्टॅट्स चालवा. एवढे पुरे.

बॅकअपच्या बाबतीत मात्र गैरसमज फार आहेत. डंप-बॅकअपला फुल हा पर्याय दिला की प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती एक्सएमएलमध्ये मिळते, आणि नावामुळे वाटते की सगळेच आले. त्यात वापरकर्त्यांची खाती नसतात, पासवर्ड नसतात, आणि वेगळे सांगितल्याशिवाय चढवलेल्या फायलीही नसतात. दुसऱ्या विकीत मजकूर हलवायला ही स्क्रिप्ट उत्तम, पण कोसळलेली विकी उभी करायला एकटी पुरत नाही. त्यासाठी डेटाबेसचा डंप (फाइलीत काढलेली पूर्ण प्रत), इमेजेस फोल्डर आणि लोकल-सेटिंग्ज ही तिन्ही हवीत. डेटाबेस मायएसक्यूएल आणि तक्ते इनोडीबी प्रकारचे असतील तर मायएसक्यूएल-डंप या प्रत काढणाऱ्या आज्ञेला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्या, म्हणजे विकी चालू असतानाही सुसंगत प्रत निघते. कॅरेक्टर-सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, हाही बायनरी ठेवा. जुन्या विकीत तक्ते लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या पद्धतीचे म्हणून नोंदलेले असू शकतात आणि आत बाइट यूटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या पद्धतीचे. डंप काढताना त्यांचे रूपांतर झाले की परत चढवल्यावर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे येतात. आठवड्यातून एकदा वेगळ्या मशीनवर डंप चढवून दोन-चार पाने उघडून बघा. ही तपासणी करणारी स्क्रिप्ट सोबत मिळत नाही, आणि ती असायला हवी होती.

डिलीट-ओल्ड-रिव्हिजन्स क्रॉनच्या आसपासही ठेवू नका. डिलीट हा पर्याय दिला की ती सध्याची सोडून सगळ्या आवृत्त्या पुसते. डिस्कची जागा मिळते, पण कोणता निर्णय कुणी, केव्हा आणि का बदलला हे कायमचे जाते. ज्ञानसाठ्यात तेच सर्वांत मोलाचे असते.

आवृत्ती बदलताना अपडेट स्क्रिप्ट तक्त्यांची रचना सुधारते. सुरू होण्याआधी ती पाच सेकंद थांबते, क्विक दिल्यास थांबत नाही. थेट उडी फक्त मागच्या दोन दीर्घकालीन (जास्त काळ सुधारणा मिळणाऱ्या) आवृत्त्यांपासूनच मारता येते: १.४३ वर जायचे तर किमान १.३५ हवी, त्याहून जुनी असेल तर मध्ये थांबा घ्यावा लागतो. १.४० पासून स्क्रिप्ट ‘रन’ या एकाच दारातून चालवायच्या असतात. जुन्या पद्धतीने थेट बोलावल्यास इशारा छापला जातो आणि क्रॉनचे मेल त्यानेच भरतात, म्हणून आवृत्ती चढवली त्याच दिवशी क्रॉनमधल्या ओळीही बदलून घ्या.