माझ्याच डेअरीत, माझ्याच डोळ्यांदेखत ६,३८५ रुपये गेले

लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो. साताऱ्यात माझी छोटी डेअरी आहे. क्यूआरचा स्टिकर शटरबाहेरच्या खांबाला, रात्रंदिवस तिथेच. (तुमचाही बाहेर असेल तर आजच आत घ्या.) शुक्रवारी रात्री कुणीतरी त्यावर हुबेहूब तसाच दुसरा चिकटवला. शनिवारी ४,२१० आणि रविवारी दुपारपर्यंत २,१७५ रुपये भलत्याच्याच खात्यात गेले. दूध मी मापून देत होतो!

झोंबतं ते वेगळंच. शनिवारी सकाळी साडेसहालाच एक ताई म्हणाल्या, "दादा, नाव वेगळंच येतंय." मी शहाणा, हात दह्याने माखलेले, म्हणालो, "बँकेनं काहीतरी बदललं असेल, टाका तुम्ही." त्यांनी ६८ रुपये टाकले, हिरवी खूण दाखवली, मी मान डोलावली. पुढे ऐका. दुपारी स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला, तर मीच अंगठ्याने दाबून नीट बसवला. चोराचं काम मी पक्कं करून दिलं.

पैसे आले की मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स का नव्हता? महिन्याला सव्वाशे रुपये भाडं कोण भरणार, म्हणून. आणि रांग लागलेली असताना मोबाईल कोण बघतं? हिशेब मी रात्री करतो. शनिवारी रात्री नेमकी भाच्याची हळद होती.

आता साहेबलोकांचं ऐका. बँक म्हणते, "तुमच्या खात्यातून काही गेलंच नाही, मग फसवणूक कसली?" सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक मागतात. तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये, माझ्याकडे कुठून येणार? पोलीस ठाण्यात "ज्यांनी पैसे भरले त्यांना घेऊन या." म्हणजे अर्धा लिटर दुधापायी शंभर माणसं ठाण्यात उभी करू? अर्ज तीनदा लिहून घेतला. तिसऱ्यांदा सीसीटीव्ही फुटेज मागितलं, जणू ते काढायचं कामही माझंच. अहो, पैसे घेणाऱ्याचं नाव प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर आहे, यूपीआय आयडी आहे, खातं केवायसी करूनच उघडलेलं असणार. तरी उत्तर एकच, "बघतो."

दुकानदारांनो, शटर उघडलं की स्वतःच्या कोडवर दुसऱ्या मोबाईलवरून एक रुपया टाकून बघा. साउंडबॉक्स घ्या, माझ्यासारखी चिक्कूगिरी नको. आणि गिऱ्हाइकांनो, पिन टाकण्याआधी नाव मोठ्याने वाचा, दुकानदार "टाका" म्हणाला तरी.

आतापर्यंत अकरा जणांनी स्क्रीनशॉट पाठवलेत. पहिला त्या ताईंचा, ६८ रुपयांचा.