वर्गात सोशल मीडिया: एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल, मग तपशील. खातं शिक्षकाचं आणि विद्यार्थ्याने फक्त बघायचं, एवढ्यावर भागत असेल तर सोशल मीडिया वर्गाच्या उपयोगी पडतो. विद्यार्थ्यालाही खातं उघडून काहीतरी टाकावं लागलं, की शिकवणं बाजूला राहतं आणि ग्रुप सांभाळणं हेच काम होऊन बसतं.

सर्वांत जास्त वापर व्हॉट्सअ‍ॅपचा झाला. साधा ग्रुप काढला तर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी होतात. सूचनेखाली 'ओके', 'धन्यवाद' आणि अंगठ्यांची रांग लागते, त्यात मूळ सूचना वर सरकून दिसेनाशी होते. आणि प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना मिळतो. पहिल्यावर उपाय सोपा आहे: ग्रुप सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला ठेवायचा. नंबरांसाठी मात्र कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र ठेवण्याची व्हॉट्सअ‍ॅपचीच सोय) काढून तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांना घ्यावं लागतं. तिथे नंबर अ‍ॅडमिनला दिसतात, इतर सदस्यांना सरसकट दिसत नाहीत. ही मांडणी वर्ष सुरू होण्याआधीच करावी. एकदा सगळ्यांनी नंबर सेव्ह करून घेतले की नंतर लपवून उपयोग नसतो.

सूचना पाठवताना एका मेसेजमध्ये एकच विषय, आणि पहिल्या ओळीत तारीख. चूक झाली तर मेसेज दुरुस्त करायला 15 मिनिटं मिळतात. त्यानंतर दुरुस्तीचा नवा मेसेज टाकून जुना काढून टाकलेला बरा. सूचना कोणी वाचली हे विचारत बसू नये. आपल्या मेसेजवर बोट दाबून धरून 'माहिती' उघडली की वाचणाऱ्यांची यादी येते. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांनीही ग्रुपमध्ये मेसेज उघडला की ते कळतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यादीत नसलेल्या चार-पाच घरी फोन करावा. तरीही तीच सूचना फळ्यावर लिहावीच लागते, कारण अनेक घरांत फोन पालकांसोबत कामावर जातो आणि गृहपाठ कळेपर्यंत रात्र होते.

गृहपाठ ग्रुपवर मागवणं हा मात्र साफ फसलेला भाग. पहिला फोटो आला की पुढच्या वह्यांत तेच उत्तर, त्याच चुकीसह! हजेरीला उपयोगी, तपासायला निरुपयोगी. वैयक्तिक चॅटवर मागवलं तर नक्कल कमी होते, पण 40 जणांनी प्रत्येकी तीन पानं पाठवली की 120 फोटो होतात, आणि कुठलं पान कोणाचं हे शोधण्यातच वेळ जातो. शिवाय फोटो म्हणून पाठवलेलं चित्र अ‍ॅप दाबून लहान करतं, त्यामुळे पेन्सिलचं फिकं अक्षर पुसट होतं. पाठवायचंच असेल तर स्कॅनर अ‍ॅपने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, फाइलच्या नावात हजेरी क्रमांक, विषय आणि तारीख घालावी. याहून वही हातात घेणं सोपं, असं शेवटी वाटतंच. लांबच्या मुलांसाठी गूगल क्लासरूमसारखी जागा वापरावी, तिथे एकाचं काम दुसऱ्याला दिसत नाही.

पोलचंही तसंच. नेहमीच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, त्यामुळे बुजरी मुलं हुशार मुलांच्या पाठोपाठ बोट ठेवतात आणि संकल्पना कळली की नाही हे शिक्षकाला कळतच नाही. टेलिग्रामच्या क्विझ पोलमध्ये नावं लपवता येतात आणि चुकलेल्याला खाली स्पष्टीकरण दाखवता येतं. सोय चांगली, पण पुन्हा प्रत्येकाला खातं हवं.

यूट्यूबने मात्र खरी मदत केली. धड्याचा व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवला की लिंक असलेल्याला खात्याविना दिसतो आणि शोधात येत नाही. 'प्रायव्हेट' ठेवला तर प्रत्येकाला ईमेलवरून बोलवावं लागतं, म्हणून तो इथे गैरसोयीचा. अनलिस्टेड म्हणजे गुप्त नव्हे, लिंक कुठेही फिरू शकते. त्यामुळे मुलांचे चेहरे असलेलं काहीही त्यावर ठेवू नये. वर्णनात प्रत्येक भाग सुरू होण्याची वेळ लिहून प्रकरणं पाडावीत: पहिली वेळ 0:00, वेळेच्या किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा. यातलं एक चुकलं तरी प्रकरणं दिसत नाहीत. कमेंट बंद ठेवाव्यात. वर्गात दाखवताना ऑटोप्ले आठवणीने बंद करावा, नाहीतर अपूर्णांक संपताच भलतंच काहीतरी पडद्यावर सुरू होतं.

इन्स्टाग्रामवर वर्गाचं पान काढण्याचा मोह टाळावा. तिथे खात्यासाठी किमान वय 13 आहे, म्हणजे प्राथमिकची मुलं खोटी जन्मतारीख टाकूनच येणार. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांच्या खात्यांवर बंदी लागू केली, त्यात यूट्यूबही आहे. खात्याविना व्हिडिओ बघणं मात्र तिथेही चालू राहिलं. वर्गाला लागतं तेवढं त्यात भागतं.

वर्ष संपल्यावर आवरण्याचं काम उरतंच. आधी सूचनांचं चॅट फोटोंशिवाय एक्सपोर्ट करून ठेवावं, मग सदस्य काढून ग्रुप बंद करावा. तोवर सर्वांच्या फोनमध्ये उतरलेले फोटो याने जात नाहीत, म्हणून सहलीचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधीच पालकांची लेखी संमती घ्यावी.