एक्स्टेंशन गेलेल्या डिस्क इमेज आणि ‘फाइल’ कमांड: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या नाट्यमंडळाची जुनी हार्ड डिस्क मध्यंतरी बिघडली. फाइलसिस्टिम दुरुस्त झाली, पण डेटा सगळा लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरात जाऊन पडला. नावं गेली, एक्स्टेंशन गेली, उरले नुसते आकडे. त्यात नाटकांच्या व्हीसीडींच्या इमेज, म्हणजे आख्खी सीडी एका फाइलीत उतरवलेल्या प्रती, होत्या, फोटोंच्या सीडी होत्या, कुणाकुणाचे बॅकअपही. तेव्हापासून लिनक्सवरची ‘फाइल’ कमांड, जी आतले बाइट पाहून फाइल कसली आहे ते सांगते, माझ्या नेहमीच्या कामात आहे, आणि असं काम अंगावर पडलेल्या प्रत्येकाला मी आधी तीच सुचवेन. फक्त तिचं उत्तर कुठे मानायचं आणि कुठे आपण स्वतः बाइट उघडून पाहायचे, हे समजून घ्यायला हवं.

कमांड तशी फार जुनी, युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. आज लिनक्सवर मिळते ती मुक्त आवृत्ती इयन डार्विन यांनी सुरू केली, आता क्रिस्टोस झुलास सांभाळतात. साध्या आयएसओच्या, म्हणजे डेटा सीडीच्या नेहमीच्या इमेजच्या, बाबतीत तिने मला एकदाही दगा दिला नाही. बहुतेक फाइलींची खूण, म्हणजे प्रकार ओळखू देणारे ठरावीक बाइट, अगदी सुरुवातीला असते, आयएसओची नसते. आयएसओ ९६६० मानकात पहिले १६ सेक्टर, म्हणजे सीडीवरचे ठरावीक मापाचे तुकडे, राखीव आहेत. सेक्टर २०४८ बाइटांचा, म्हणजे झाले ३२,७६८. त्यानंतर सीडीचं वर्णन सुरू होतं: आधी प्रकार सांगणारा एक बाइट आणि मग ‘सीडी००१’ ही अक्षरं. पेनड्राइव्हवरूनही बूट होणारे लिनक्सचे आयएसओ या राखीव जागेत हार्ड डिस्कसारखा बूट सेक्टर ठेवतात, त्याची ५५ एए ही खूण ५१० व्या बाइटपासून असते. नुसते पहिले ५१२ बाइट पाहणारं साधन अशा फाइलीला बेधडक हार्ड डिस्क म्हणेल.

खरा कस लागला तो व्हीसीडींवर. त्या इमेज कच्च्या, म्हणजे सेक्टरमधल्या जास्तीच्या बाइटांसकट उतरवलेल्या, सेक्टर २३५२ बाइटांचा. इथे मी थेट बाइट दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’ कमांडने सुरुवात पाहतो. एक शून्य बाइट, मग दहा वेळा एफएफ, मग परत शून्य, असे बारा बाइट दिसले की कच्ची इमेज ओळखावी. पुढच्या तीन बाइटांत मिनिट, सेकंद, फ्रेम, आणि त्यानंतरच्या बाइटात मोड, म्हणजे सेक्टरची मांडणी कुठली ते. मोड १ असेल तर ‘सीडी००१’ सापडतं ३७,६४९ वर; व्हीसीडीचा मोड २, तिथे ३७,६५७ वर. त्याच वर्णनात ‘सीडी-आरटीओएस सीडी-ब्रिज’ असं दिसलं की बहुधा व्हीसीडीच, म्हणजे नाटक हाती लागलं. सीडीवरून नुसती डॅट फाइल कॉपी केलेली असेल तर ती ‘रिफ’ने सुरू होते आणि आठव्या बाइटपासून ‘सीडीएक्सए’ येतं.

शेपटाशी खूण असलेल्या फाइलींसाठी मात्र ‘फाइल’वर विसंबू नका. अ‍ॅपलच्या डीएमजी या डिस्क इमेजची ‘कोली’ ही खूण शेवटच्या ५१२ बाइटांच्या सुरुवातीला असते. माझ्याकडच्या आवृत्तीने अशा फाइली नुसता ‘झेडलिब कॉम्प्रेस्ड डेटा’ म्हणून सांगितल्या. सीडी बनवणाऱ्या निरो सॉफ्टवेअरच्या एनआरजी इमेजमध्ये शेवटून बाराव्या बाइटपासून ‘एनईआर५’, जुन्या आवृत्तीत शेवटून आठव्यापासून ‘निरो’. म्हणून अनोळखी फाइलीचं शेपूट ‘टेल’ कमांडने पाहायचं, हा माझा आता नियमच आहे. फाइलीचा प्रकार ओळखणारं मार्को पोंटेलो यांचं ‘ट्रिड’ही वापरलं. टक्क्यांत अंदाज देतं, दुसरं मत म्हणून ठीक.

खूण पटली म्हणजे फाइल पूर्ण आहे असं नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्ध्यावर तुटलेली इमेजसुद्धा ‘सीडी००१’ दाखवतेच. आयएसओच्या त्याच वर्णनात ८० व्या बाइटपासून एकूण ब्लॉकची संख्या असते. तिला २०४८ ने गुणायचं आणि फाइलीच्या आकाराशी ताडून पाहायचं. फाइल लहान भरली तर मूळ सीडी अजून कुणाकडे आहे का, ते लगेच विचारायला लागा, कारण त्या सीडीही खराब होत चालल्यात. ८१३ व्या बाइटपासून इमेज बनवल्याची तारीख-वेळ असते, शेवटी पंधरा-पंधरा मिनिटांत मोजलेला टाइमझोन. तिथली किंमत २२ असली की साडेपाच तास, म्हणजे आपली भारतीय वेळ. नावं गेलेल्या फाइली वर्षवार लावताना या तारखेने मला खूप हात दिला. सीडी बनवणाऱ्या संगणकाचं घड्याळ बरोबर असेल तरच अर्थात.

ऑडिओ सीडीच्या कच्च्या प्रतींना, म्हणजे बिन फाइलींना, मात्र कसलीच खूण नसते. नुसते १६ बिट स्टीरिओ नमुने, सेकंदाला ४४,१००. सोबतची, गाणी कुठे सुरू होतात ते सांगणारी क्यू फाइल हरवली की ‘फाइल’ त्यांना फक्त ‘डेटा’ म्हणते. आकाराला २३५२ ने पूर्ण भाग जात असेल आणि सुरुवातीला ते बारा बाइट नसतील, तर मी ती ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून आयात करतो. मंडळाच्या नाट्यसंगीताच्या सीडी अशाच परत मिळाल्या. गाण्यांची नावं आता जुने पेटीवादक काका ऐकून सांगतायत.