मॅच बघायला डिश की मोबाईल?

भाच्यानं विचारलं, "मामा, डिशचा रिचार्ज मारू की मोबाईलवरच बघू?" कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल, त्यामुळे प्रश्न साधा नाही.

माझ्या लेखी पहिला निकष उशिराचा. नेटवर चित्र तुकड्यातुकड्यानं येतं, म्हणून डिशपेक्षा काही सेकंद मागे, कधी अर्धा मिनिटसुद्धा. २०२२ च्या वर्ल्डकप फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध फ्रान्सच्या एम्बाप्पेनं ८० व्या मिनिटाला पेनल्टी मारली आणि ८१ व्याला लगेच दुसरा गोल. मी मोबाईलवर, शेजारी डिशवर. माझ्याकडे बॉल अजून मधल्या फळीत, तोवर भिंतीपलीकडून आरोळी! काय राहिलं मग बघायचं?

खर्च? डिशला महिन्याचं भाडं, मॅच असो-नसो. मोबाईलला अ‍ॅपचे पैसे, वर एचडीला तासाला दीड-दोन जीबी डेटा. एक्स्ट्रा टाइम झाला की दिवसाचा पॅक संपलाच.

पाऊस दाटला की डिश मान टाकते, लाईट गेली की टीव्ही. तिथं मोबाईल तरतो. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची मॅच रात्री साडेबारा-दीडला, तेव्हा घर न उठवता पांघरुणात हेडफोन लावून बघायला तोच बरा.

चौघं जमून वर्ल्डकप बघणार असाल तर डिश. एकटे, रात्री आणि शेजारी गप्प असतील तर मोबाईल. भाच्याचे शेजारी? सगळे अर्जेंटिनावाले. त्यानं डिशच घ्यावी.