बटणं २३, कामाची ८: फॉर्म्युला व्हीलबरोबर ९ महिने

सिमसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी, एफ१च्या धाटणीचं स्टिअरिंग व्हील घेतलं. खोक्यातून काढलं त्या संध्याकाळी ते बेसला, म्हणजे ज्या मोटरच्या डब्यावर ते बसतं त्याला, जोडलंच नाही. दोन तास नुसतं मांडीवर घेऊन बसलो होतो. हे बटण दाबून बघ, तो नॉब फिरवून बघ. भाचा शेजारी बसून एकेकावर बोट ठेवत होता, "मामा, हे कशाचं?" पहिली सहा उत्तरं ठणकावून दिली. सातव्याला अडखळलो आणि पुढची थापा मारून निभावली.

त्याला आता ९ महिने झाले. आठवड्यातून चार-पाच रात्री सिमवर बसतो; बहुतेक वेळा जीटी३ गाड्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसच्या), अधूनमधून फॉर्म्युला (एफ१सारख्या उघड्या चाकांच्या). पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. कंपनीचं नाव घेत नाही. या घडणीची व्हील्स बरेच जण बनवतात, आणि पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू आहे.

काय काय आहे ते आधी उरकतो. २८० मिलिमीटरचं, वरून-खालून कापलेलं व्हील. समोर १२ बटणं, अंगठ्याखाली येणारे २ एन्कोडर (खटक्याखटक्याने कितीही फिरणाऱ्या चकत्या), खालच्या बाजूला १२ घरांचे ३ नॉब, मागे ६ पॅडल (बोटांनी ओढायच्या पट्ट्या). हात लावायची एकूण २३ ठिकाणं. मधोमध ४.३ इंची स्क्रीन आणि तिच्या डोक्यावर १५ दिवे.

दिव्यांपासून सुरुवात करतो, कारण माझा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे होता. मला वाटायचं रेव्ह लाइट, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतील तसे पेटत जाणारे हे दिवे, बघायचे असतात. बघावे लागत असतील तर काहीतरी चुकलंय. नजर पुढच्या वळणावर असते आणि खालून कडेकडेने काहीतरी भरत येतंय एवढंच जाणवतं, तेवढं पुरतं. पहिले पंधरा दिवस मी ते पूर्ण प्रखर ठेवले होते आणि रात्री डोळे चुरचुरायचे. आता १५ टक्क्यांवर आहेत. रंग एफ१सारखेच ठेवलेत, ५ हिरवे, ५ लाल, ५ निळे. सगळे लुकलुकले की गिअर टाकायचा, हे ऐकायला ठीक. पण दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तेवढ्यात इंजिन लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, जाऊन आदळतं. सहाव्यात फेऱ्यांचा आकडा सावकाश चढतो, तिथे हा त्रास नाही. म्हणून खालच्या गिअरांसाठी लुकलुकणं ३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आधी आणलं. सगळ्या गिअरांना एकच आकडा ठेवून आठवडाभर स्वतःच्या बोटांना शिव्या घालत होतो, चूक दिव्यांची होती.

आता स्क्रीन. सोबत आलेल्या डॅशबोर्डवर मी मोजले तर २१ आकडे होते. चारही टायरचं तापमान, चारही टायरचा दाब, इंधन, लॅप, मागच्याशी अंतर, पुढच्याशी अंतर, घड्याळसुद्धा. विमानात बसल्यासारखं वाटायचं, छान वाटायचं. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की मी एकाच वळणावर पुन्हा पुन्हा बाहेर जातोय. रिप्ले पाहिला, चूक दिसेना. मग कळलं, त्या वळणाच्या तोंडाशी मी डेल्टा बघतो. आपण स्वतःच्याच मागच्या लॅपच्या पुढे आहोत की मागे, हे बघायच्या नादात ब्रेक दहा मीटर उशिरा.

त्यानंतर सिमहब या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून स्वतःचं पान बनवलं. मधोमध गिअरचा आकडा, अर्धी स्क्रीन भरेल एवढा. डावीकडे इंधन किती लॅप पुरेल ते. उजवीकडे ब्रेक बायस, म्हणजे ब्रेकचा किती टक्के जोर पुढच्या चाकांवर जातो ते. डेल्टाचा आकडा काढून टाकला, खाली फक्त एक हिरवी-लाल पट्टी ठेवली. टायरचं सगळं दुसऱ्या पानावर, तेही फक्त सरळ रस्त्यावर उघडायचं. आणि एक गोष्ट जी मला या अख्ख्या व्हीलमध्ये सगळ्यात आवडते: एखादी सेटिंग बदलली की तिचा नवा आकडा सेकंदभर पूर्ण स्क्रीनवर येतो आणि जातो. बायस ५६ वरून ५५.५ झाला, आकडा दिसला, गेला. पान शोधायला नको, बारीक अक्षर वाचायला नको.

स्क्रीन व्हीलवरच असण्याची एक अडचण मात्र कोणी आधी सांगत नाही. व्हील वळलं की स्क्रीनही वळते. हेअरपिनमध्ये, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणात, गिअरचा आकडा आडवा होतो, आणि नेमका तिथेच आपण कितव्या गिअरमध्ये आहोत हा प्रश्न पडतो. एफ१मध्ये ही मोठी स्क्रीन २०१४मध्ये हायब्रिड इंजिनांबरोबर आली आणि बहुतेक संघांनी ती व्हीलवर घेतली, पण विल्यम्सने पुढेही काही वर्षं स्क्रीन चॅसिवरच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच, ठेवली होती. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता वाटत नाही.

एन्कोडर आणि नॉब यांच्यातला फरक मला घेण्याआधी नीट माहीत नव्हता, तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला. १२ घरांच्या नॉबवर आकडे छापलेले असतात. ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाकं घसरू न देणारी सोय) ४ वर ठेवलं तर काटा ४ वर दिसतो. खऱ्या गाडीत हे उत्तम, कारण काटा दाखवेल ते खरं. सिममध्ये गाडी प्रत्येक वेळी सेटअपमधल्या आकड्यावर सुरू होते. नॉब ७ वर, गाडी ४ वर, आणि मी पहिल्या वळणावर गोल फिरलेलो. शेवटी तिन्ही नॉब खटक्यांवर चालणारे करून टाकले, एक खटका उजवीकडे म्हणजे एक वर. त्यावर छापलेले आकडे आता शोभेचे.

एन्कोडर मात्र मला फार आवडले. डाव्या अंगठ्याखाली बायस. फॉर्म्युला गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) नसतं, तिथे पुढची चाकं लॉक व्हायला लागली की दोन खटके मागे, मागची बाजू सैल वाटली की दोन खटके पुढे. हे एका लॅपमध्ये तीन-चारदा होतं. पहिल्या महिन्यात त्यासाठी मान खाली जायची. आता अंगठा खटके मोजतो आणि मला कळतही नाही. उजव्या अंगठ्याखाली जीटी३साठी एबीएस. ट्रॅक्शन कंट्रोल मधल्या नॉबवर, कारण ते पाऊस आला तरच हलवतो.

पाचव्या महिन्यात डावा एन्कोडर बिघडला. एक खटका दिला की दोन मोजायचा, कधी उलटा जायचा. बायस पुढे न्यायला जावं आणि मागे सरकावा. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं, "फर्मवेअर अपडेट करा." केलं. एन्कोडर होता तसाच राहिला, वर क्लचचा बाइट पॉइंट (क्लच पकडायला लागतो ती जागा) आणि सगळं मॅपिंग (कोणतं बटण कशाला ते) पुसलं गेलं. कुठेही बॅकअप नव्हता, ती चूक माझी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन आठवडे काढले, मग भाग बदलून मिळाला. बदलणं सोपं होतं हे मान्य करतो, मागचे सहा स्क्रू आणि एक कनेक्टर.

आता पिट लिमिटर, म्हणजे टायर बदलायला थांबतात त्या पिट लेनमध्ये गाडीचा वेग मर्यादेत धरणारं बटण. तो उजवीकडे सगळ्यात खाली होता, उजव्या तळहाताच्या गादीच्या अगदी शेजारी. तासाभराच्या रेसमध्ये तिसरा होतो, शेवटची दहा मिनिटं उरलेली. हेअरपिनला हात पूर्ण वळला, गादी बटणावर बसली आणि गाडी बाहेर पडताना ताशी ८०वर अडकली. इंजिन गुरगुरतंय, मी पॅडल ओढतोय, गाडी वेग घेईना. काय झालंय ते कळेपर्यंत पाच जण गेले. दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मग २०२१ची अझरबैजानमधली बाकूची एफ१ रेस आठवली आणि जरा बरं वाटलं. रेस पुन्हा सुरू होताना मर्सिडीजच्या हॅमिल्टनच्या हाताने टायर तापवण्यासाठीची ब्रेकची सेटिंग चुकून चालू झाली, ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर पुढच्या चाकांवर गेला आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ निघून गेली. तो १५वा आला. बाकूचं आणि व्हीलचं काहीतरी जुनं वैर असावं. २०१६मध्ये तिथेच त्याची गाडी चुकीच्या इंजिन मोडमध्ये अडकली होती आणि त्या वेळच्या रेडिओच्या नियमामुळे इंजिनियर त्याला कोणता स्विच फिरवायचा ते सांगू शकत नव्हते. २०१७मध्ये लाल झेंड्याने रेस थांबल्यानंतर फेरारीचा राइकोनेन पिट लेनमध्ये हातमोजे आणि स्टिअरिंग व्हील मागत ओरडत होता.

मी लिमिटरभोवती एक उंच कडी बसवली. आता बोटाचं टोक आत घातल्याशिवाय तो दाबला जात नाही. न्यूट्रलच्या बटणाला अर्धा सेकंद धरून ठेवायची अट घातली. हे दोन्ही कारखान्यातूनच यायला हवं होतं. त्याऐवजी खोक्यात स्टिकरचे दोन ताव आले होते.

२०१६च्या त्या प्रसंगावरून आणखी एक धडा मिळाला. मी हौसेने एक नॉब "मल्टी" केला होता, म्हणजे नॉबच्या प्रत्येक घराला वेगळी सेटिंग आणि ती कमी-जास्त करायला दोन बटणं. खऱ्या गाड्यांमध्ये असतो. त्यांच्या मागे आठवडाभर घोकून घेणारी माणसंही असतात. मला रात्री साडेअकराला नववं घर कशाचं ते आठवत नव्हतं. काढून टाकला.

पॅडलबद्दल थोडक्यात. चुंबकाची आहेत, दाबताना कुरकुरीत वाटतं, आणि आवाज भयंकर. बायको पहिल्या आठवड्यात दारात येऊन म्हणाली, "अहो, तो टाइपरायटर किती वाजेपर्यंत चालणार आहे?" आत फोमचे तुकडे चिकटवले, आवाज निम्मा झाला, मजाही थोडी गेली. खालची दोन क्लचची पॅडल फक्त उभ्या स्टार्टला लागतात. जीटी३च्या रेस चालत्या गाड्यांनी सुरू होतात, त्यामुळे ती बहुतेक वेळ रिकामी. मधल्या दोघांना अजून काम सापडलेलं नाही.

पॅडल हातात आली की त्यांचा इतिहास आठवतोच. १९८९मध्ये डिझायनर जॉन बर्नार्डच्या फेरारी ६४० या एफ१ गाडीने व्हीलमागे गिअरची पॅडल आणली, आणि ब्राझीलमधल्या पहिल्याच रेसमध्ये ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलने ती जिंकूनही दाखवली. गंमत म्हणजे त्याच रेसमध्ये त्याचं व्हील सैल झालं आणि पिटमध्ये बदलावं लागलं. माझ्या क्विक रिलीजमध्ये (व्हील बेसला झटकन जोडायचा-काढायचा सांधा) सहाव्या महिन्यात किंचित खेळ आला तेव्हा मी हेच स्वतःला ऐकवलं. स्क्रू आवळून गेला.

तर रोज लागतात ती आठ: गिअरची दोन पॅडल, दोन एन्कोडर, ट्रॅक्शन कंट्रोलचा नॉब, लिमिटर, हेडलाइटचा इशारा आणि रेडिओ. बाकीची १५ महिन्यातून एकदा लागतात किंवा लागतच नाहीत. घेणाऱ्याने बटणं मोजू नयेत, डोळे मिटून अंगठा फिरवून बघावा. शेजारशेजारची दोन बटणं हाताला वेगळी लागत नसतील तर ती दोन नाहीत. रॅली किंवा ड्रिफ्ट करणाऱ्याने हे घेऊच नये. हातावर हात टाकून फिरवायला गेलं की वरची कड सापडत नाही आणि मनगट बटणांवरून फिरतं.

पकडीचं रबर उजवीकडे अंगठ्याखाली गुळगुळीत झालंय, बिनमोज्याचे हात, दुसरं काय. डावा एन्कोडर नवा आहे. उजवा मूळचाच, पण गेल्या आठवड्यात एकदा त्याने एका खटक्याचे दोन मोजले. सुटा भाग मागवून ठेवलाय.